वरबापाचा घाम

भगवंतरावांनी अंघोळीची बादली उचलली आणि पाठीत अशी उसण भरली, की बादलीही तिथंच राहिली आणि भगवंतरावही. डोणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, "दुखणं थांबंल, पण घाम लय येईन. घाबरू नका, त्या गोळीचंच काम हाय ते." दुखणं खरंच थांबलं. घाम मात्र असा सुरू झाला, की ऐन माघाच्या थंडीत माणूस विहिरीतून काढल्यासारखा दिसू लागला.

एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी लोणारला मुलगी पाहायला जायचं होतं. त्यांचा मुलगा ऋत्विक एकुलता एक, निर्व्यसनी, भाजीपाला पिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण 'मुलगा काय करतो' याचं उत्तर 'शेती' असं दिलं, की हल्ली समोरचा चहासुद्धा अर्धाच कप देतो. पोराची तिशी उलटली होती आणि नकार ऐकून ऐकून आईबापांचे कान किटले होते. त्यात मध्यस्थानं सांगून ठेवलेलं, की या लोकांनी मागचं स्थळ मोडलं, ते वरबापाच्या खिशात गोळ्या सापडल्या म्हणून.

"गोळीचं नाव काढायचं नाही," रुक्मिणीबाईंनी जीपमध्ये नवऱ्याला बजावलं. "आपल्या घरात कोणालेच काही नाही."

"अव, मंग घाम काऊन येऊन राह्यला म्हणून सांगू?"

"सांगा काहीबी. पण गोळी नाही म्हणजे नाही!"

मुलीच्या वडिलांनी, गजेंद्ररावांनी, पाहुण्यांना दिवाणावर बसवलं. ते स्वतः स्वेटर घालून होते. त्यांची म्हातारी आई तानुबाई कोपऱ्यात गोधडी पांघरून बसली होती. भगवंतरावांच्या नाकावरून पहिला थेंब पडला, तो नेमका पोह्यांच्या बशीत.

"पाव्हणे, घाम?" गजेंद्रराव दचकले.

"पोहे... जरा तिखट हायेत ना."

पोह्यांच्या बश्या ठेवून बाजूला उभी असलेली संजीवनी, म्हणजे जिला पाहायला आले होते तीच, शांतपणे म्हणाली, "आजीले दात नाहीत. मी मिरची टाकलीच नाही."

भगवंतरावांना आता खरा घाम फुटला. रुक्मिणीबाईंनी टेबलाखालून पाय दाबला, तसे ते गडबडीनं म्हणाले, "तसं नाही, गरम होऊन राह्यलं इथं." पाहुण्याला गरम होतंय म्हटल्यावर यजमान काय करणार? गजेंद्ररावांनी पंखा पाचवर लावला. चहाची साय गोठली, ऋत्विकचे दात वाजू लागले, तानुबाई गोधडीच्या आत दिसेनाशी झाली. आणि मुलीला लावायला ताटात काढून ठेवलेलं कुंकू पंख्याच्या वाऱ्यानं उडालं. इतरांच्या अंगावरून ते उडून गेलं. भगवंतराव ओलेच होते, त्यांच्यावर ते बसलं.

गजेंद्ररावांनी घाईनं पंखा बंद केला. तानुबाईनं गोधडीतून डोकं काढलं, समोरचा लालभडक तुकतुकीत चेहरा पाहिला आणि आपसूक हात जोडले. "मारोतीराया!"

"आई, पाव्हणे हायेत ते!" गजेंद्ररावांनी आईला आवरलं आणि खुर्ची भगवंतरावांसमोर ओढली. "भाऊ, सरळ विचारतो. माणूस असा घामेजते तं कायतरी लपवते. पोरगा पेते का?"

"नाही हो!" टपटप.

"पह्यलं लगन झालेलं हाय?"

"देवाशप्पथ नाही!" लाल धार हनुवटीवरून सदऱ्यात उतरली. जितकं खरं बोलावं तितका घाम वाढत होता, आणि पाहणाऱ्याला त्यात फक्त खोटेपणा दिसत होता.

बापाची ही दैना ऋत्विकला पाहवेना. "मी सांगतो!" तो ओरडलाच. "बायोडाटात 'स्वयंपाक येतो' लिहिलं ते खोटं हाय. मले फक्त खिचडी येते."

सोयरीक हातची जाताना भगवंतरावांना स्पष्ट दिसली आणि त्यांचा धीर सुटला. खिशातली गोळ्यांची पट्टी त्यांनी टेबलावर आपटली. "पाठीत उसण भरली हो माह्या! ह्या गोळीनं घाम येते! डॉक्टरले फोन लावून विचारा!" रुक्मिणीबाईंनी पदरात तोंड लपवलं.

गजेंद्ररावांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "उसणीच्या गोळीनं कुठं घाम येते का? सारवासारव करू नका भाऊ."

"थांब रे गजेंद्र," गोधडीतून आवाज आला. "माह्या लग्नात माहा बाप असाच घामेजला होता. थोरलीच्या लग्नात तू बनेन पिळत होता, मी पाह्यलं. जलम गेला माहा, पोरीच्याच बापाले घाम फुटलेला पाह्यला. पोराचा बाप असा घामेजलेला आजच दिसला बापा. ह्या माणसाले पोरीवाल्याचा धाक हाय. इथंच द्या पोर."

गजेंद्रराव विचारात पडले. आयुष्यात असा विचार त्यांना कोणी सुचवलाच नव्हता. त्यांनी संजीवनीकडे पाहिलं.

"मले शेतीवाला नको होता," ती म्हणाली. "पण असा सासरा नोकरीवाल्याच्या घरी भेटणार नाही. आणि खिचडी तं येते म्हणतात."

सोयरीक जमली. त्या क्षणापासून गजेंद्रराव पार बदलले. दिवाणावर पाहुण्यांच्या शेजारी ऐसपैस मांडी ठोकून म्हणाले, "लग्न तुमच्या डोणगावले. जेवण तुमच्याकडं. आमच्या वऱ्हाडाच्या गाड्याबी तुमीच करा." भगवंतराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि मानेबरोबर थेंब उडत होते. ते पाहून गजेंद्रराव आणखी एकेक अट आठवत होते.

परतताना भगवंतरावांनी चेहरा पुसून पट्टी जीपबाहेर फेकायला हात उचलला. "पाठ मोकळी झाली. सुटलो आता या गोळीतून."

रुक्मिणीबाईंनी हात वरच्यावर धरला. "खबरदार! साखरपुड्यात तुमी कोरडे दिसले तं मोडतीन ना ते सोयरीक! अक्षता पडेपर्यंत एकबी गोळी चुकवाची नाही."

"अव, पण पाठ दुखतच नाही आता!"

"त्याची काळजी तुमी करू नका," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "घरी सोयाबीनची पोती पडेल हायेत. रोज एक उचलाले लावीन."