लोड किती?

अंबादासकाकांना कुठल्याही गायकाचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. "लोड किती?"

घराणं कोणतं, गुरू कोण, साथीला कोण, यातलं काही त्यांना नको असतं. गझल म्हटलं की ते म्हणतात, "दोन किलोवॅट." कव्वाली म्हटलं की, "पाच धरा. मानसं जास्ती, माईक जास्ती." ऑर्केस्ट्रा म्हटलं की डोळे मिटतात आणि घरातलं दुखणं सांगावं तशा आवाजात सांगतात, "पंधरा." सनईवाल्यांबद्दल मात्र त्यांना फार आदर आहे. सनईला काहीच लागत नाही.

काका वीज खात्यात वायरमन होते. रिटायर झाल्यापासून काकूंबरोबर जालन्यात, आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात एका संगीत मंडळाचा चिटणीस आहे. मंडळ म्हणजे आम्ही आठ जण, दोन सतरंज्या आणि एक हार्मोनियम, जिचा एक सूर पावसाळ्यात बोलत नाही. शाळेच्या कंपाऊंडला आमचा एक फळा लावलेला आहे. जिल्ह्यात पुढच्या महिन्यात कुठं काय होणार ते मी त्यावर खडूनं लिहितो. कार्यक्रम आमचा असो नाहीतर दुसऱ्या कुणाचा. शहागडला ऑर्केस्ट्रा, भोकरदनला कव्वाली, केदारखेड्याला भारूड, आमच्या शाळेच्या हॉलात ख्याल.

एका सकाळी पाहतो तर प्रत्येक नावापुढं कुणीतरी आकडा घातलेला. मला वाटलं, कुणीतरी कलाकारांना मार्क दिलेत. ख्याल गाणाऱ्या बाईंना दीड मार्क पाहून मला वाईट वाटलं आणि ऑर्केस्ट्राला पंधरा पाहून राग आला. मी आकडे पुसले. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. तिसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेलो, तेव्हा खाकी पिशवी खांद्याला लावलेले एक उंच, वाळके गृहस्थ खडू घेऊन उभे होते.

"काका, हे काय करून राह्यलात?"

"लोड लिहून राह्यलो. तुम्ही समदं लिहिता, तेवढं राहून जातं."

"पण ते लोकांना कशाला हवं?"

"लोकायला न्हाई. डीपीला." ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं डीपीच म्हणतात. "तिला म्हाईत पाहिजे ना, कोण येऊन राह्यलंय ते."

त्या दिवसापासून काका आमच्या मंडळाचे नववे सभासद झाले. वर्गणी देत नाहीत आणि सतरंजीवर बसत नाहीत. कार्यक्रम कुठंही असला तरी एसटीनं नाहीतर माझ्या मोटारसायकलवर मागं बसून दोन तास आधी पोचतात. खाकी पिशवीत टेस्टर, पक्कड, फ्यूजची तार, रबरी हातमोजे आणि बॅटरी. वायर कुठून आणली, जोड कुठं दिलाय, उघडा राहिलाय का, हे सगळं हातानं चाचपून बघतात. मग डीपीपाशी जातात आणि स्टेजकडं पाठ करून उभे राहतात. कार्यक्रम संपेपर्यंत. मी त्यांना एकदाही गाणाऱ्याचं तोंड बघताना पाहिलं नव्हतं.

"काका, गाणं कसं झालं?"

"व्होल्टेज बराबर व्हतं."

एवढंच परीक्षण.

शहागडच्या ऑर्केस्ट्राची गोष्ट अजून लोक सांगतात. गायकानं वरचा सूर लावला की स्टेजवरचे दिवे मंद व्हायचे आणि तो खाली आला की पुन्हा भक्कन पेटायचे. लोक खूश. गायकही खूश, तो मुद्दाम वरचे सूर लांबवायला लागला. काका मात्र अस्वस्थ. तार धरून धरून ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले, तर तिथं एका ज्यूसवाल्यानं स्टेजच्या लाईनीवर मिक्सर लावलेला. त्याचा मिक्सर अन् गायकाचा सूर एकाच वेळेला वर जात होते. काकांनी पिन उपटली. दिवे स्थिर झाले आणि पब्लिक ओरडायला लागलं, "इफेक्ट कामून बंद केला?" गायकानंही माईकवरून विचारलं. काका डीपीपाशी परत येऊन हाताची घडी घालून उभे राहिले.

ख्यालाच्या वेळी वेगळंच झालं. बाईंनी नुकता आलाप सुरू केला आणि हॉलमधली ट्यूबलाईट फडफडली. बाई थांबल्या, वर बघायला लागल्या. तेवढ्यात मागच्या दारातून काका आत आले, भरल्या हॉलात हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बिलकुल सावकाश गा. लाईट माझ्याकडं हाये." बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की विलंबित ख्याल पाऊण तास चालला. मंडळाचे दोन सभासद अजून काकांशी नीट बोलत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या पोरांचा बँड आला होता, तेव्हा काका त्यांच्या स्पीकरच्या भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पोरायहो, तुमच्या एका गाण्यात माझ्या साडूच्या मळ्यातली मोटार घंटाभर चालती." पोरं हसली. पण कार्यक्रम झाल्यावर घामानं निथळत त्यांनी काकांनाच विचारलं, कसं वाटलं? काका म्हणाले, "एकदाबी ट्रिप झालं न्हाई." पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढला.

मी एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हाला गाणं आवडतं तरी का?"

"गाणं आपलं काम न्हाई, सर. गाण्याला लाईट देणं आपलं काम." आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

गेल्या हिवाळ्यात मी फळ्यावर एक नवी ओळ लिहिली. टेंभुर्णीला शाळेच्या मैदानावर दुपारी चार वाजता जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम. तिथल्या एका शिक्षकानं गावातल्या जुन्या बायका गोळा केल्या होत्या आणि आमच्या मंडळाची मदत मागितली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्या कार्यक्रमांपुढं आकडे होते, टेंभुर्णीपुढं नव्हता. राहिला असेल म्हणून मी काकांना गाठलं.

"टेंभुर्णीला किती वाजता निघायचं?"

"मला न्हाई जमणार."

"का? काही काम आहे?"

"लगीन हाये."

"कुणाचं?"

काकांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "असंल कुणाचं तरी. सीझन हाये."

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काका दळण आणायला गेले होते. काकूंनी पाणी दिलं आणि मी टेंभुर्णीचं नाव काढताच त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"तिथं न्हाई यायचे ते. तिथं त्यायची आक्का असती. कौसाआक्का."

काकांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. आक्का तेव्हा अकराची. तिनंच त्यांना वाढवलं. ती टेंभुर्णीला दिली, तर पुढं काकांची बदलीही योगायोगानं जवळच्याच सबस्टेशनला झाली. आक्काचा गळा असा की तिच्या ओव्या ऐकायला बायका आपलं दळण घेऊन तिच्या जात्यावर यायच्या. चक्की आली, जाती गेली, पण आक्काचं गाणं राहिलं. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. एकदा रेडिओवाले गावात आले, बायकांची गाणी टेप करायला. पाच वाजता सुरू व्हायचं होतं. सत्कार, चहा, भाषणं करता करता आक्काची पाळी आली तेव्हा सात वाजायला आले. सातला लाईट जायची वेळ. त्यांचं मशीन लाईटीवर चालणारं. आक्कानं सबस्टेशनला फोन करायला लावला. अंबूला सांगा, एक घंटा धर म्हणावं.

"मग?" मी विचारलं.

दारातून काकाच आत आले. डबा खाली ठेवला. त्यांनी ऐकलं होतं.

"मंग काय. मी 'बघतो' म्हणलो," ते म्हणाले. "सात वाजले. वरून फोन आला, बंद करा. मी हँडल वढलं. माझ्याच हातानं. पाच मिनिटं जरी थांबलो असतो तरी एक ववी झाली असती." मग खुर्चीवर बसले. "रेडिओवाले अर्धा घंटा थांबले अन् निघून गेले. पुढल्या खेपेला येतो म्हणले. पुन्हा कोनी आलं न्हाई."

"आक्का काही बोलल्या?"

"एका शब्दानं न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच जायचं बंद केलं. दरसाल राखी पाठवती भाच्याच्या हातून. ही बांधती मला."

मी जायला उठलो आणि नुसतं म्हणालो, "तिथली डीपी बरीच जुनी आहे म्हणतात, काका. काळजी वाटते."

"जुनी?" काका ताडकन उठले. "मी बसवलेली हाये ती! कोन म्हणतं जुनी?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे होते, पिशवी घेऊन. "डीपी बघतो अन् जल्दी निघतो," म्हणाले. राजूरपर्यंत हेच तीनदा म्हणाले.

टेंभुर्णीला मैदानावर छोटं स्टेज होतं. दोन माईक, एक जातं, समोर दोनअडीचशे माणसं. काका माझ्याशी न बोलता बाजूच्या रस्त्यावरच्या डीपीकडं गेले. जोड तपासले आणि स्टेजकडं पाठ करून उभे राहिले. निघायचं मात्र नाव काढलं नाही.

सात बायका होत्या. सहा जणींनी म्हटलं. मग एक उंच, वाळकी म्हातारी उठली. ती काकांची आक्का आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दोघांची हाडं एकच. ती जात्यापाशी बसली, खुंटा धरला आणि समोर न बघता मैदानाच्या कडेला बघत राहिली. मग माईकवरून म्हणाली,

"अंबू."

काका हलले नाहीत.

"ए अंबू, डीपी कुठं पळून जात न्हाई. इकडं ये, म्होरं बस. लाईट गेली तर बिगर लाईटीचं म्हणीन. जात्यावर कुठं माईक असतो?"

लोक हसले. काका वळले. त्यांच्याकडं दोनअडीचशे माणसं बघत होती. ते पिशवी पोटाशी धरून गर्दीतून पुढं आले आणि सतरंजीवर अगदी समोर बसले. बसताना त्यांना मांडी कशी घालावी ते कळेना. एवढ्या कार्यक्रमांत ते पहिल्यांदाच बसत होते.

आक्का पाऊण तास म्हणाली. आईवरच्या ओव्या, शेतावरच्या, एक सासूची, ज्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आवाज मधेच तुटत होता. तुटला की ती थांबायची, जातं एक फेरा फिरवायची आणि पुन्हा धरायची. काका तिच्या तोंडाकडं बघत होते. टाळ्या कधी वाजवायच्या ते त्यांना माहीत नव्हतं. सगळ्यांच्या थांबल्या की त्यांची एकट्याची वाजायची.

नंतर तिच्या घरी चहा झाला. भावाबहिणींत बोलणं असं काही झालंच नाही. आक्कानं विचारलं, गुडघे कसे आहेत. काकांनी सांगितलं, बराबर आहेत. तिनं विचारलं, थांबतो का. ते म्हणाले, सरांना उद्या शाळा आहे. निघताना काकांनी तिच्या घरातलं बोर्डावरचं एक बटण काढून साफ करून परत बसवलं. ते सैल झालं होतं म्हणे.

अंधार पडल्यावर आम्ही राजूरला पोचलो. पेट्रोल टाकायला थांबलो तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

"आवाज गेला हो तिचा."

"वय झालं, काका."

"तव्हाच टेप करून घ्यायला पाहिजे व्हता."

मी त्यांना मोबाईल दाखवला. सगळा कार्यक्रम मी टेप केला होता. काकांनी फोन कानाला लावला, पंपाच्या गोंगाटात एका कानावर हात ठेवून थोडा वेळ ऐकला आणि परत दिला.

"हे रेडिओवाल्यायला देता येतं का?"

"देता येईल. अर्ज करावा लागेल. पण काका, आता रेडिओ कोण ऐकतं?"

"आक्का ऐकती," काका म्हणाले. "चुलीपाशी ठेवलेला हाये. तुम्ही न्हाई पाह्यला?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात बसून आम्ही अर्ज लिहिला. काका सांगत होते, मी लिहीत होतो. गायिकेचं नाव, वय, गाव, गाण्याचा प्रकार. शेवटी अर्जदाराचं नाव लिहिलं आणि गायिकेशी नातं या जागी मी 'भाऊ' असं लिहिलं.

काकांनी कागद हातात घेऊन वाचला. मग तो माझ्यापुढं परत सरकवला.

"धाकटा," ते म्हणाले. "तेवढं बी लिहा."