डावीकडची डिस्क

"हात लावू नकोस! आकडा खाली येईल!"

नवऱ्याच्या, विक्रमच्या, या ओरडण्याने पूर्णिमाने माउसकडे नेलेला हात मागे घेतला. स्क्रीनवर एक हिरवा काटा थरथरत वर चढत होता आणि विक्रम त्याच्याकडे श्वास रोखून पाहत होता.

खरं तर हा कॉम्प्युटर घरात आला होता तो पूर्णिमासाठी. धायरी तिचं माहेर. आज तिथे जिकडे पाहावं तिकडे सोसायट्या आणि पार्किंग असलं, तरी पूर्वी तिथल्या प्रत्येक वावराला स्वतःचं नाव होतं. ती नावं आणि त्यांच्यामागच्या हकिकती ती वडिलांना, हिंदुरावांना, विचारून घेई आणि लिहून काढी. पुस्तक जवळपास तयार होतं. प्रकाशकाने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती.

विक्रमचा या सगळ्याशी संबंध आला तो शमशुद्दीनभाईंमुळे. चष्म्याचं दुकान पुतण्यावर सोपवून मोकळे झालेले शमशुद्दीनभाई त्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांच्या मुलीने, नाजिमाने, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी बसवून दिली, म्हणजे ती हल्लीची झपाट्याने चालणारी डिस्क. त्यानंतर ते विक्रमला लिफ्टमध्ये भेटले.

"आमचा कॉम्प्युटर आता बटण दाबलं की उघडतो. तुमचा?"

"आमचाही उघडतो की."

"हो, उघडत असेल. सकाळी दाबलंत तर त्याच दिवशी ना?"

विक्रमने त्याच आठवड्यात त्याहून वेगवान एसएसडी आणून बसवली. वेग मोजायचा एक फुकटचा प्रोग्रॅम मिळतो, तो चालवून आलेल्या आकड्याचा फोटो शमशुद्दीनभाईंना पाठवला. त्यांनी नुसतं "छान" असं उत्तर दिलं आणि चार दिवसांनी दुप्पट आकड्याचा फोटो धाडला. मग विक्रमने कॉम्प्युटरची एक बाजू उघडी करून डिस्कवर टेबलफॅन सोडला, कारण तापली की ती मंदावते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. शमशुद्दीनभाईंनी कॉम्प्युटर एसीच्या खोलीत हलवला आणि स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली झोपू लागले. एखादी फाइल प्रत्यक्षात किती लवकर उघडते, हे मात्र दोघांनीही पाहिलं नाही. दोघांकडेही उघडण्यासारखी फाइल नव्हती.

शनिवारी विक्रमने आणखी एक डिस्क आणली. जुन्या डिस्कवरचं सगळं हिच्यावर उतरवायचं होतं, आणि तशी सोय शमशुद्दीनभाईंकडे होती. दोन्ही डिस्क त्याच कंपनीच्या, तेवढ्याच आकाराच्या. त्या लॅपटॉपला जोडायच्या दोन सारख्या डब्यांत घालून दोघे जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले. लॅपटॉप शमशुद्दीनभाईंच्या पुढ्यात होता.

"कुठलीवरून कुठलीवर उतरवायचं, विचारतोय हा."

"डावीकडचीवरून उजवीकडचीवर."

"शंभर टक्के ना?"

"अहो, मी स्वतः ठेवल्यात!"

शमशुद्दीनभाईंनी बटण दाबलं. हूं म्हणायच्या आत काम फत्ते झालं.

"बघितलंत?" विक्रम खुर्चीतून उठला. "याला म्हणतात वेग! सगळंच्या सगळं, क्षणात!"

शमशुद्दीनभाईंचा चेहरा पडला. एवढ्या वेगाला आपल्याकडे उत्तर नव्हतं. दुःख आवरून त्यांनी नवी डिस्क उघडली. ती रिकामी होती. मग जुनी उघडली. तीही रिकामी होती.

"विक्रमराव," ते हळू आवाजात म्हणाले, "डावीकडची म्हणजे कोणाच्या डावीकडची? तुमच्या की माझ्या?"

नाजिमाला फोन लागला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अब्बा, तुम्ही रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवलीत."

"पण ते परत आणता येत असेल ना?" विक्रमने घाबरून विचारलं.

"जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असती, तर थोडंफार निघालं असतं, काका. एसएसडी पुसायचं कामही फास्टच करते. बॅकअप असेल ना तुमचा?"

बॅकअप विक्रमने बंद करून ठेवला होता. तो चालू असला की आकडा खाली यायचा.

पुस्तक गेलं, हे पूर्णिमाला सांगायची विक्रमची हिंमत काही होईना. रविवारी सकाळी दोघे शमशुद्दीनभाईंच्या स्कूटरवरून धायरीला निघाले. हिंदुरावांकडून सगळं पुन्हा काढून घ्यायचं, सोमवारच्या आत टाइप करायचं आणि मग कबुली द्यायची, असा बेत होता. जावयाने लग्नानंतर पहिल्यांदाच शेतीबद्दल काही विचारलेलं ऐकून हिंदुराव आधी चपापलेच.

"पोरीला सारं सांगितलंय की, जावईबापू. तुमाला कशापायी पायजे?"

"मामा, मलाही जाणून घ्यायचंय."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्यांनी टोपी चढवली आणि दोघांना भर उन्हात हिंडवायला सुरुवात केली. "ह्यो वॉचमन बसलाय न्हवं, तितं आमची हीर व्हती. ती गुलाबी बिल्डिंग हाय ना, त्ये बाभळीचं वावर." विक्रमने फोनवर रेकॉर्डिंग लावलं होतं. सुरुवातीला तो आवाज नीट येतोय की नाही एवढंच बघत होता. पुढे फोन शमशुद्दीनभाईंच्या हाती देऊन तो स्वतःच विचारू लागला, "मग, मामा? पुढं काय झालं?"

एका सोसायटीमागच्या उतारापाशी हिंदुराव थांबले आणि त्यांनी आवाज बारीक केला.

"ह्याचं नाव पोरीला सांगितलं न्हाई. बापानं लेकीम्होरं कसं सांगावं? ह्याला म्हनायचे ढुंगणघाशी."

"का?" शमशुद्दीनभाईंनी फोन पुढे केला.

"पाय घसरला की मानूस बुडावर घासत खालीच जायाचा. माझं सासरं, म्हंजी पूर्णिमाचं आजं, सोयरीक मोडायचीच असं ठरवून आल्यालं. हुंड्याचा इषय न्हवता, आमचं घरच पसंत न्हवतं त्यास्नी. रागानं निघालं आन् हितनं पांढऱ्याफेक धोतरासकट थेट आमच्या गोठ्यात पोचलं. तसल्या धोतरावर गावात कसं शिरायचं? धोतर वाळंस्तवर बसावं लागलं. च्या झाला, जेवान झालं. वाळलं तवर लगीन ठरल्यालं."

घरी आल्यावर विक्रमने एका दमात सगळं सांगून टाकलं. डिस्क, टेबल, कोणाची डावी बाजू, सगळं. शमशुद्दीनभाई दारातच उभे होते, पळायला सोपं म्हणून. पूर्णिमा भेंडी चिरत होती, ती चिरतच राहिली.

"पुस्तक कॉम्प्युटरवर होतंच कुठे?" ती म्हणाली. "तो मला मोकळा मिळायचा कधी? मी अख्खं पुस्तक फोनवर लिहिलं. शुक्रवारी प्रकाशकांना पाठवलंसुद्धा."

दोन महिने ज्या डिस्कचा वेग विक्रमने जिवापाड जपला, तिच्यावर वेगाच्या आकड्यांखेरीज काहीच नव्हतं.

"पण धायरीला काय केलंत दिवसभर?"

त्याने रेकॉर्डिंग लावलं. ढुंगणघाशीची हकिकत सुरू झाली तशी पूर्णिमाची सुरी थांबली. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता तिने डोळे पुसले. आजोबांचं असं काही तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. "छापायला घेऊ नका. एक प्रकरण वाढतंय."

ते प्रकरण टाइप करायची शिक्षा अर्थातच विक्रमला झाली. नाजिमाने येऊन नवी डिस्क बसवून तिच्यावर सगळे प्रोग्रॅम पुन्हा घालून दिले, कॉम्प्युटर क्षणार्धात उघडला आणि विक्रम एका बोटाने कामाला लागला. संध्याकाळी शमशुद्दीनभाई डोकावले.

"काय विक्रमराव, किती वेग येतोय?"

"ते राहू द्या," विक्रम मान वर न करता म्हणाला. "मघापासून शोधतोय. हा 'ढ' कुठे आहे, तेवढं सांगा."

"खुर्चीत बसलाय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.