घड्याळ चौकातली श्रममाता

आमच्या घड्याळ चौकातला श्रममातेचा पुतळा जिवंत आहे. नाव गोजरा. महापालिकेच्या दप्तरी ती पुतळा आहे, आणि दप्तरी जे आहे ते आहे, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? मी यमुना माळवदे. चौकात हार-फुलं विकते. पुतळ्याचा रोजचा हार माझ्याकडूनच जातो, म्हणून मला सगळं ठाऊक.

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. मंत्री येणार म्हणून फुटपाथ साफ करायचा होता, म्हणजे तिथली माणसं उचलायची होती. लंगड्या इस्माईलचाचाला कुबडीसकट उचललं, एका ओल्या बाळंतिणीला उचललं, आणि सगळ्यांना गाडीत कोंबून जकातनाक्यापलीकडे सोडून आले. ती बिचारी चालत परत येतात. पण तोवर पाहुण्यांचे फोटो काढून झालेले असतात.

गोजरा तेवढी निसटली. चौथऱ्यावर बांबू रोवून मंडपवाल्याने त्यांच्याभोवती कापड आधीच गुंडाळून ठेवलं होतं, त्यात ती शिरली. आत पुतळा नव्हताच. तो मूर्तिकाराकडे अजून ओल्या मातीत होता. हे साहेबांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

सकाळी मुहूर्तावर मंत्र्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं. आत गोजरा उभी. एवढी चांगल्या कपड्यातली माणसं समोर बघून तिचा हात सवयीने पुढे झाला. मंत्री जरा थबकले, मग म्हणाले, "वा! काय जिवंत काम केलंय!" झालं. टाळ्या पडल्या. त्यानंतर ब्र काढायची कुणाची छाती?

दुसऱ्या दिवशी स्मारक विभागाचे खांबेटेसाहेब पाहणीला आले. मी म्हटलं, "साहेब, अहो ही गोजरा आहे. उड्डाणपुलाच्या कामावर मातीच्या पाट्या टाकायला आली होती. पूल झाल्यावर तुम्हीच झोपड्या पाडल्या, तेव्हापासून इथे बसते."

"बाई, अनावरण होऊन गेलंय. अनावरण झाल्यावर तो पुतळा."

"आणि श्वास घेते ते?"

"घेऊ दे. त्याला आमची हरकत नाही."

मग काय विचारता! काल जिच्याकडे बघून गाडीच्या काचा वर जात होत्या, तिच्यापुढे आज माणसं चपला काढून उभी राहायला लागली. भोवती कठडा आला, रात्री दिवा आला, पहाऱ्याला पोलीस आला. दर सोमवारी अग्निशमनवाले येऊन तिला पाइपने धुवायचे. जेवणाची मात्र सोय नाही, कारण पुतळ्याच्या खर्चात जेवण बसत नाही. हार घालायच्या निमित्ताने मी वर चढायचे आणि पदराखालून भाकरी द्यायचे. पोलीस तोंड फिरवायचा. त्याला आई असावी.

"उतर गं बये," मी म्हणायचे. "कशाला उन्हात करपतेस?"

"उतरले की गाडीत घालतील, यमुनाबाई. इथून मला कुणी उचलत नाही. आणि इथून माझा भान्या दिसतो."

भानुदास तिचा मुलगा. मिसरूड फुटलेला, अंगात हाडं तेवढी शिल्लक. पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर ओतून हुंगायचा, कधी गोळ्या खायचा. कठड्याला टेकून पडलेला असायचा. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की वरून गोजरा ओरडायची, "भान्या, ऊठ रे, पळ!" आणि तो धडपडत बोळात शिरायचा. त्या एवढ्याशा कामासाठी ही बाई सगळा उन्हाळा चौथऱ्यावर उभी राहिली. येणारे-जाणारे म्हणायचे, श्रममाता आज बोलली. आणि त्याच्या अंगावरून ओलांडून पुढे जायचे. मेल्यांनो, ती कुणाला हाक मारतेय ते तरी बघा!

श्रावणातल्या एका दुपारी भान्या उठला नाही. मी पाणी मारलं. ओठ काळेनिळे पडले होते, छातीत घरघर लागली होती. मी रुग्णवाहिका बोलावली. ती आली, हे खरं.

"पेशंटचं कोण आहे?" आतल्या माणसाने विचारलं.

"आई आहे."

"कुठाय?"

मी वर बोट दाखवलं. त्याने वर पाहून हात जोडले आणि मग माझ्यावर डाफरला, "पुतळा नातेवाईक म्हणून चालत नाही. गर्दुल्ल्यांना नातेवाईकाशिवाय घ्यायचं नाही, असं आम्हाला सांगितलंय. मागाहून कोण निस्तरणार?"

"अरे, मी येते ना!"

"तुम्ही कोण त्याच्या?"

मी कोण, हे मला पटकन सांगता आलं नाही. गाडी गेली. मी खांबेटेसाहेबांना फोन लावला, म्हटलं, तिला खाली उतरायची परवानगी द्या, पोरगं जातंय तिचं. ते शांतपणे म्हणाले, "पुतळा हलवायचा तर समितीपुढे विषय न्यावा लागतो. जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. भावनांचा प्रश्न असतो, बाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या भावना समितीत बसणार आणि हिचं लेकरू रस्त्यावर तडफडणार!

गोजराने हे सगळं वरून ऐकलं होतं. तिने पदर खोचला, कठड्यावरून उडी टाकली आणि भान्याला खांद्यावर घेतलं. पाट्या टाकलेला खांदा तो. पोलीस ओरडला, "ओ श्रममाता, असं करू नका, माझी नोकरी जाईल!" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिच्यामागे पळाले.

आम्ही मंडईपर्यंत पोचलो नाही तोच शहरात बातमी पसरली, की श्रममातेचा पुतळा पळवला. विटंबना झाली. पोरं मोटरसायकली घेऊन निघाली, दुकानांची शटरं धडाधड खाली आली. चौकाचौकात टायर पेटले. रिक्षा मिळेना. गोजरा चालत राहिली. भान्याची मान तिच्या पाठीवर हलत होती, आणि ती त्याला सांगत होती, "आलाच बघ दवाखाना, आलाच."

सरकारी दवाखान्याच्या फाटकाला कार्यकर्त्यांनी साखळी लावली होती. त्यांच्या पुढाऱ्याच्या कपाळाला काळी पट्टी.

"दादा, फाटक उघड रे," गोजरा म्हणाली. "लेकरू घाबरं झालंय."

"ए म्हातारे, बंद आहे आज. दिसत नाही का?"

"कशाचा बंद?"

"श्रममातेचा अपमान झालाय. आमची आई आहे ती."

मी किंचाळले, "अरे मुडद्या, हीच ती! आज सकाळी हिच्याच पाया पडलास तू!"

त्याने गोजराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ती जमिनीवर उभी होती, अंगाला घाम, पायात काही नाही. "भिकारीण आहे ही," तो म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटलं असणार, कारण त्याने ओशाळून खिशातून एक नाणं काढून तिच्यापुढे धरलं.

भान्याने फाटकापाशीच जीव सोडला. बंद शांततेत पार पडला, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं.

संध्याकाळी पोलिसांना पुतळा सापडला. वाजतगाजत आणून तो मूळ जागी सन्मानाने बसवला. गोजरा नेली तशी गेली, उभी केली तशी उभी राहिली. तिच्या अंगात कुणी उरलंच नव्हतं जणू. भान्याचं प्रेत बेवारस म्हणून पडून होतं. या वेळी "तुम्ही कोण?" म्हणून विचारलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मावशी." इस्माईलचाचाने आणि फुटपाथवरच्या पोरांनी खांदा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिरडी मुद्दाम चौकातून नेली आणि चौथऱ्यापुढे खाली टेकवली. पोलीस म्हणाला, इथे थांबता येत नाही. पण त्याने आम्हाला हटवलं नाही.

गोजराने पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेना.

दुपारपर्यंत गावभर झालं की श्रममाता रडते. दर्शनाला रांग लागली, पार बसस्टँडपर्यंत. बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या, बाटल्यांमधून ते पाणी भरून न्यायला लागल्या. देवा, काय माणसं ही! रांगेतल्या एकीने माझ्याकडे हार मागितला. मी म्हटलं, "नाही देत. जा. तो आत्ता इथून गेला तेव्हा कुठे होतीस?" तिला काही कळलं नाही. ती दुसऱ्या फुलवाल्याकडे गेली.

चौथ्या दिवशी खांबेटेसाहेब अभियंत्यांना घेऊन आले. शिडी लावून त्यांनी गोजराचे डोळे टॉर्चने तपासले, गालाला बोट लावून पाहिलं. खाली उतरल्यावर मी विचारलं, "काय झालंय साहेब तिला?"

"गळती आहे," ते रुमालाला हात पुसत म्हणाले. "काळजीचं कारण नाही."

सध्या पुतळ्याच्या चेहऱ्याचं वॉटरप्रूफिंग चालू आहे. पहिला हात मारून झाला, दुसरा उद्या मारणार आहेत.