ठेवलेली कॉफी

नेइराने रविवारी दुपारी कॉफी भिजत घातली आणि ती मैत्रिणींबरोबर तळ्यावर एका रात्रीच्या मुक्कामाला निघून गेली. जाताना आईला, रासेमाबाईंना, तिने तीन वेळा बजावलं की बरणीचं झाकण उघडायचं नाही, बरणी हलवायची नाही आणि मुख्य म्हणजे ती चुलीवर ठेवायची नाही. परदेशात, ग्राझमध्ये राहायला गेल्यापासून नेइरा दर उन्हाळ्यात घरी येताना एक नवं शहाणपण घेऊन यायची. मागच्या वर्षी पावात गहू नव्हता. या वर्षी कॉफीत आग नव्हती.

"उद्या दुपारपर्यंत तयार होईल," ती म्हणाली. "याला कोल्ड ब्रू म्हणतात."

"उद्या दुपारपर्यंत माणूस बाळंत होऊन घरी येतं," रासेमाबाई म्हणाल्या. पण बरणी त्यांनी तळघरात, झऱ्याचं पाणी येतं त्या दगडी कुंडीत नेऊन ठेवली. बरणी लोणच्याची होती. आत जाडसर दळलेली कॉफी पाण्यावर तरंगत होती आणि तिच्यातून काळ्या रंगाचे धागे इतक्या सावकाश खाली उतरत होते की बघता बघता डुलकी लागावी. रासेमाबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग वर आल्या, ॲप्रन बदलला आणि अंगणात काहीही काम नसताना अंगणात गेल्या.

कोन्यित्समध्ये ऑगस्टच्या दुपारी कुणी काही ठरवून करत नाही. नेरेत्वा नदी हिरवीगार होऊन स्वतःच्याच विचारात वाहत असते, मांजरं भिंतींवरून ओघळलेली असतात. त्या दिवशी सकाळपासून गल्लीत द्राक्षाच्या पानांचा, नदीचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास रेंगाळत होता, आणि तोही पुढे जायच्या घाईत नव्हता. घाईत एकच माणूस होता. शेजारचे हासिबमास्तर.

हासिबमास्तर निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या कारकिर्दीत या गावातून गाडी कधी उशिरा सुटली नाही. उशिरा आली असेल, पण तो दोष आदल्या स्टेशनचा. बायको गेल्यापासून ते एकटे राहत होते. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा मुलाने जाहीर केलं की बाबांनी आता बर्फात एकटं राहायचं नाही, आणि त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मुलगा स्वीडनमध्ये राहत होता.

तर मास्तर दुपारच्या गाडीने सारायेवोला, तिथे भाचीकडे मुक्काम करून सकाळच्या विमानाने पुढे, असे निघाले होते. घर बंद झालं होतं. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली समोरच्या मेव्लिदाबाईंकडे दिली होती. हातात सूटकेस, डोक्यावर या उकाड्यातही टोपी. ते रासेमाबाईंच्या फाटकाशी थांबले.

"आत येत नाही, रासेमाबाई," ते म्हणाले. "गाडी आहे. नुसतं निघतो म्हणून सांगायला आलो."

"असं कसं? कॉफी ठेवलीय."

आता हे वाक्य त्या गावात प्रत्येक बाई फाटकाशी आलेल्या प्रत्येक माणसाला म्हणते. मीटर बघायला आलेल्यालाही म्हणते. कॉफी ठेवलेली असते असं नाही, पण एकदा म्हटलं की ठेवावी लागते, आणि एकदा ठेवली की पाहुण्याला जाता येत नाही. ठेवलेली कॉफी टाकून उठून जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर फाटक आपटणं. लोकांनी याहून कमी कारणासाठी पिढ्यान् पिढ्या अबोला धरला आहे. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. तांब्याच्या जेझव्यात कॉफी उकळायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी सूटकेस द्राक्षाच्या मांडवाखाली ठेवली आणि टोपी न काढता बाकावर टेकले.

रासेमाबाई आत गेल्या. स्वयंपाकघरात काय झालं ते मांजराखेरीज कुणी पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या त्या साखरेत घोळलेल्या मऊ वड्यांची, राहत लोकुमची बशी घेऊन. कॉफी नव्हती.

"जरा वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "नेइराच्या पद्धतीची आहे."

मास्तरांनी मान हलवली. किती वेळ, असं पाहुण्याने विचारायचं नसतं. ते फार तर गाडीबद्दल विचारता येतं. त्यांनी लोकुम खाल्लं. रासेमाबाईंनी द्राक्षांना या वर्षी कीड कमी आहे असं सांगितलं. मास्तरांनी उन्हात पाणी पिण्याबद्दल काही मत दिलं, ते कुणालाच नीट कळलं नाही, त्यांनाही नाही. मांडवातून उन्हाचे ठिपके खाली पडले होते आणि एक ठिपका मास्तरांच्या बुटावरून अगदी हळू सूटकेसकडे सरकत होता. दोघंही तो ठिपका बघत बसले.

मग पुलापलीकडे शिट्टी झाली. गाडी आली, थांबली, निघाली. मास्तर आवाजाच्या दिशेने मान वळवून ऐकत होते. आवाज बोगद्यात शिरला तसे ते म्हणाले, "वेळेवर गेली." आणि टोपी काढून शेजारी ठेवली.

मेव्लिदाबाई फाटकात उगवल्या त्याच क्षणी. गाडी गेली आणि मास्तर गेले नाहीत, ही बातमी खिडकीतून दिसत होती, पण कारण दिसत नव्हतं.

"हासिबमास्तर, गाडी चुकली की काय तुमची?"

"चुकली नाही," मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले. "मी गेलो नाही. कॉफी ठेवलीय."

"तू पण बस, मेव्लिदा," रासेमाबाई म्हणाल्या. मेव्लिदाबाई आधीच बसल्या होत्या. पण त्यांचं नाक तयार होतं. चुलीवर काही नाही हे त्यांनी बसता बसता ताडलं, आणि कसली कॉफी, कुठे ठेवलीय, अशी उलटतपासणी सुरू केली. शेवटी रासेमाबाईंनी दोघांना तळघरात नेलं. कुंडीतल्या पाण्यात बरणी बसली होती. झाकणावर दगड. तिघंही तिच्याकडे झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे बघावं तसे बघत राहिले.

"ही भिजत घातलीय," मेव्लिदाबाई कुजबुजल्या. "घेवडा भिजत घालतात तशी."

"हो."

"केव्हा होणार?"

"उद्या दुपारी."

वर आल्यावर मेव्लिदाबाईंनी सुचवलं की त्यात काय एवढं, आपली नेहमीची करावी. तेव्हा रासेमाबाईंनी सांगितलं की डब्यात खडखडाट आहे, पोरीने सगळी कॉफी त्या बरणीत ओतली. दुकानं रविवारची बंद. मेव्लिदाबाई म्हणाल्या, मी माझ्याकडची आणते. यावर रासेमाबाई अशा ताठ झाल्या की मांजर भिंतीवरून उतरलं.

"शेजारणी कॉफी कुठल्या घरी नेतात, मेव्लिदा? मयत झालेल्या घरी. माझ्या घरातून कोण गेलंय?"

मेव्लिदाबाईंनी सूटकेसकडे पाहिलं. "अजून तरी कुणी नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लोकुम उचललं.

संध्याकाळच्या सुमारास झियाद आला. झियाद हा मास्तरांच्या हाताखालचा जुना गार्ड. तो फलाटावर निरोप द्यायला गेला होता, बरोबर डबाभर आलुबुखार होते, आणि गाडी मास्तरांशिवाय गेलेली पाहून तो आधी मास्तरांच्या घरी, मग दवाखान्यात जाऊन आला होता. त्याने तोडगा काढला: मोटार आहे माझी, आत्ता नेऊन सोडतो सारायेवोला, तासाभराचा तर रस्ता.

"कॉफी ठेवलीय," मास्तर म्हणाले.

झियादने रासेमाबाईंकडे पाहिलं, मेव्लिदाबाईंकडे पाहिलं, आणि मोटारीची किल्ली खिशात टाकून तोही बसला. तो याच गावातला होता. समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग भरल्या कांद्यांचं पातेलं आलं. पाहुणे बसलेत आणि कॉफीला वेळ आहे म्हटल्यावर काहीतरी हवंच. जेवताना झियादने त्या जुन्या मालगाडीची गोष्ट काढली, जी एकदा इथे थांबली ती ड्रायव्हर नदीवर अंघोळीला गेल्यामुळे. मास्तरांनी ती गाडीही वेळेवर सोडली होती, ड्रायव्हरसकट, फक्त कपड्यांशिवाय. रासेमाबाई इतक्या हसल्या की त्यांना ॲप्रनने डोळे पुसावे लागले. ते नंतरही बराच वेळ पुसत होत्या. हे मेव्लिदाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही, कारण त्यांच्या नजरेतून सुटायला जागाच नसते. मास्तरांच्या बायकोच्या मागे, रासेमाबाईंच्या नवऱ्याच्या मागे, रोज सकाळी मास्तर कुंपणाशी खाकरायचे आणि रासेमाबाई म्हणायच्या, कॉफी ठेवलीय. एवढंच. पण उद्यापासून कुंपणाशी कोण खाकरणार होतं? मेव्लिदाबाईंनी निघताना मास्तरांना त्यांची किल्ली परत दिली.

सकाळी मास्तर पुन्हा सूटकेस घेऊन बाकावर हजर झाले. सकाळची गाडी गेली, तीही वेळेवर. मग मुलाचा फोन आला. मेव्लिदाबाईंना पलीकडचं ऐकू यावं म्हणून झियादने आवाज मोठा करून दिला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? विमान गेलं."

"विमान गेलं असेल. मी नाही गेलो."

"बरं नाही वाटत का? काय झालं?"

"रासेमाबाईंनी कॉफी ठेवलीय."

मुलगा स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, मोठा इंजिनीअर होता, पण जन्म इथला होता.

"मग काय," तो म्हणाला. "मग बसा."

दुपारी नेइरा आली. उन्हाने लाल झालेली, केसांत तळ्याचं पाणी. अंगणात चार माणसं आणि एक सूटकेस आपल्या बरणीची वाट बघत बसलेली पाहून ती भारावली. ग्राझमध्ये तिच्या कॉफीला इतका मान कुणी दिला नव्हता. तिने बरणी वर आणली, पातळ फडक्यातून कॉफी गाळली, बर्फ घातला आणि घरात दुसरे पेले नव्हते म्हणून ती नेहमीच्या छोट्या कपांमध्ये, फिल्जानांमध्येच ओतली. प्रत्येक फिल्जानात एकेक बर्फाचा तुकडा अंग चोरून बसला.

सगळ्यांनी घोट घेतला. वर फेस नव्हता, खाली गाळ नव्हता, मध्ये कडूपणा नव्हता. झियाद आकाशाकडे बघू लागला. मेव्लिदाबाईंनी फिल्जान उलटा करून पाहिला; गाळात भविष्य बघायला तळाशी काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

"कशी झालीय, मास्तरकाका?"

मास्तरांनी विचार केला. ते कुणाचं मन मोडणारे नव्हते, पण खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती.

"गाडी चांगली आहे, बाळ," ते म्हणाले. "पण शिट्टी नाही."

सगळ्यांना एकच गोष्ट सुचली होती. कॉफी झाली. पिऊनही झाली. आता पाहुण्याला उठायला कुणाची हरकत नव्हती, आणि दुपारच्या गाडीला अजून अवकाश होता. मास्तर टोपीकडे बघत होते. रासेमाबाईंनी रिकामे फिल्जान तबकात गोळा केले. एक फिल्जान तबकात किणकिण वाजत होता, तो त्यांनी बोटाने दाबून धरला.

नेइरा मात्र हिरमुसली नव्हती. "नसेल आवडली तर सांगा ना सरळ. आपली नेहमीची करते. आई, तुझा डबा तर काठोकाठ भरलाय, आत्ताच फडकं शोधताना पाहिला. ताजी भाजलेली दिसते."

"माझी कसली?" रासेमाबाई तबकाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "सगळी तू त्या बरणीत..."

"मी? मी ग्राझहून माझं पाकीट आणलं होतं. तुझ्या डब्याला मी बोटही लावलं नाही."

मांडवातलं एक द्राक्ष खाली पडलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. मेव्लिदाबाईंकडे आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी आली होती आणि सांगायला कुणी उरलं नव्हतं. सगळे इथेच बसले होते. रासेमाबाईंचे कान लाल झाले, मग गाल. साठी उलटलेल्या बाईला असं लाल होता येतं हे नेइरा पहिल्यांदाच बघत होती.

"काल सकाळी भाजलीत," मास्तर शांतपणे म्हणाले. "आठच्या सुमारास. माझी खिडकी उघडी होती. सूटकेस भरत होतो. सगळ्या कपड्यांना वास लागलाय."

"म्हणजे तुम्हाला फाटकातच माहीत होतं?" रासेमाबाईंनी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणालात, कॉफी ठेवलीय."

रासेमाबाई तबक घेऊन आत गेल्या. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग जेझवा चुलीवर ठेवल्याचा. झियादने कुणी न सांगता सूटकेस उचलली आणि ती कुंपणापलीकडे मास्तरांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. परत येताना तो कुंपणाच्या त्या जागेवरून आला जिथे फळ्या केव्हापासून सैल होत्या.

"सावकाश होऊ द्या, रासेमाबाई," मास्तरांनी आत आवाज दिला.

"सावकाशच होतेय," आतून उत्तर आलं.

नदीवरून वारा आला, मांडवाची पानं हलली, आणि उन्हाचे सगळे ठिपके जागा बदलून पुन्हा तिथेच बसले. पुलापलीकडे शिट्टी झाली. मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं, कानोसा घेतला.

"वेळेवर आहे," ते समाधानाने म्हणाले, आणि बुडवायला कॉफी यायची होती तरी साखरेचा खडा हातात धरून बसले.