शकुंतला मॅडम आणि आमचा दमलेला स्पिंडल

शकुंतला मॅडम वर्कशॉपमध्ये पाय टाकतात आणि पहिला हुकूम सोडतात, "हात मागं." समोर कोण आहे, ते बघत नाहीत. मी मालक, पण मागे हात बांधून उभा. आमचे रफिकभाई साठीचे सुतार, त्यांचेही हात मागे. नांदेडचे सूर्यवंशी साहेब दाराची चौकशी करायला, खरं म्हणजे भांडायला आले होते. तेही मुकाट्याने हात मागे घेऊन उभे राहिले.

"बिघाड एकच असतो," मॅडम म्हणतात. "बाकीचे दुरुस्त करायला आलेल्यांनी केलेले असतात."

मॅडम चाकूरला राहतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा वर्ग शिकवून निवृत्त झाल्या. डोक्यावर पदर, पायात धावण्याचे बूट, पर्समध्ये मीटर आणि भाजलेले शेंगदाणे. खांबावर चढलेला कुणीही माणूस दिसला की खालून विचारतात, "कोणत्या बॅचचा?" निम्मे त्यांचेच निघतात. उरलेल्यांचं काम बघून म्हणतात, "तरीच."

माझं अहमदपूरला लाकडावर नक्षी कोरायचं वर्कशॉप आहे. त्यासाठी मी एक जुनी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारी, मशीन घेतली होती. सांगाडा दणकट, पण कंट्रोल मेलेला. नवा कंट्रोल आणि नवी वायरिंग बसवायचं काम मी गणेशदाजींना दिलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्यातली कंपनी बंद पडली तसे ते गावी परतले होते. हे त्यांचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं काम. अक्का फोनवर एवढंच म्हणाली होती, "त्यांना काम दे. पण दिल्यासारखं दाखवू नको."

दाजींनी मन लावून काम केलं. मशीन पुढे-मागे, डावी-उजवीकडे झोकात हलू लागली. फक्त स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं फिरवणारी मोटर, काही केल्या वेग धरेना. स्क्रीनवर पूर्ण वेग मागितला तरी ती दुपारी जेवून झोपेतून उठल्यासारखी फिरायची. पातं सागवानात रुतायचं आणि लाकूड जळायचं. सूर्यवंशींच्या वास्तुशांतीचं दार त्यात अडकलं होतं. दाजी रोज सकाळी वायरी सोडायचे आणि संध्याकाळी जोडायचे. मी एका शब्दाने बोललो नाही, कारण दाजींना बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण माझं न बोलणं चांगलंच ऐकू येत असणार. दाजींनी दुपारचं आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं. अक्काचा फोन आला, "हे घरी पण धड जेवत न्हाईत. कामून?" मी म्हटलं, "काही नाही, काम जास्त आहे."

शेवटी रफिकभाईंनी मॅडमचं नाव काढलं.

मॅडमनी आल्या आल्या दाजींना न्याहाळलं. "कोणत्या बॅचचा?"

दाजींनी साल सांगितलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, कान लाल झाले.

"वाटलंच. उभं राहायची तऱ्हा तीच हाय. शर्टाचं वरचं बटन लाव, गणेश."

मग तपास सुरू झाला. मॅडमचा एक नियम आहे. "एकेकाला वेगळं काढून विचारायचं. एकत्र विचारलं की एकमेकावर ढकलतात."

आधी त्यांनी ड्राइव्हला विचारलं. दाजींनी भिंतीवर बसवलेल्या ज्या नव्या पेटीतून मोटरला वीज जाते, ती ही ड्राइव्ह. ती कंट्रोलपासून तोडून त्यांनी तिच्याच बटनांवर मोटर चालवली. स्पिंडल असा गर्जला की सूर्यवंशी साहेब दारापर्यंत मागे गेले.

"मोटर ठीक, ड्राइव्ह ठीक. आता निरोप्याला विचारू."

निरोप्या म्हणजे कंट्रोलच्या कार्डातून निघणारी बारीक वायर. किती वेगानं फिरायचं, ते ती ड्राइव्हला सांगते. मॅडमनी वायर सुटी करून मीटर लावला. व्होल्टेज पुरेपूर. वायर ड्राइव्हला जोडली आणि मीटरचा आकडा घसरला. पुन्हा सुटी केली, पुन्हा पुरेपूर.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "एकटी असली की नीट बोलून राहिली. तिकडं नांदायला गेली की आवाज बसतो. म्हणजे हिच्यात खोट न्हाई, दाबणारा तिकडं हाय."

मेन स्विच बंद करून ड्राइव्हचा दिवा पूर्ण विझेपर्यंत त्यांनी शेंगदाणे खाल्ले. मग झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "जंपर चुकीच्या जागी बसलाय."

रफिकभाईंनी चटकन मान खाली घातली. आमच्या भागात झंपर म्हणजे बायकांचं पोलकं.

"तो न्हाई हो, रफिकभाई. ही नखाएवढी टोपी. या काड्यांवर घातली तर ड्राइव्ह व्होल्टेज ऐकते, शेजारच्या काड्यांवर घातली तर करंटची वाट बघत बसते. कार्ड बोलतंय एक, ही ऐकून राहिली दुसरंच."

टोपी इकडची तिकडे झाली. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये निरोप्याकडून येणाऱ्या वेगाची वरची मर्यादा दुरुस्तीच्या खटपटीत अर्ध्यावर अडवली गेली होती, ती मॅडमनी मोकळी केली. मशीन सुरू झाली. पातं सागवानात उतरलं आणि पांढुरका भुसा उडाला. जळका वास नाही, नुसता ताज्या लाकडाचा. माझे खांदे इतके दिवस कानापाशी चढून बसले होते, ते खाली आल्याचं मला जाणवलं. हात मात्र कुणीच पुढे घेतले नव्हते.

"मग चूक झाली कुठं, मॅडम?" मी विचारलंच.

दाजी माझ्या मागेच उभे होते. मॅडमनी मीटर पर्समध्ये ठेवला. "चूक कसली? नवी ड्राइव्ह आली की अशीच येते. पण ही वायरिंग लई साफ केलीय. फोटो काढून घेते, पोरांना दाखवीन."

सूर्यवंशी साहेबांनी ते ऐकलं. निघताना त्यांनी दाजींचा नंबर घेतला. त्यांच्या कापसाच्या जिनिंगचं विजेचं पॅनेल त्रास देत होतं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो, तोवर मॅडम बसस्टँडकडे निघूनही गेल्या होत्या. दुपारी दाजी आमच्याकडे जेवायला आले आणि भाकरी मागून घेतली.

दार वेळेत तयार झालं. टेम्पोतून ते नांदेडला नेताना दाजी अचानक म्हणाले, "जंपर नवीन आला तेव्हा बरोबर होता. मीच हलवला. कंपनीतल्या मशीनला तसाच लागायचा, हाताला सवय. मॅडमला दिसलं ते. टोपीवर माझ्या पक्कडीचे ओरखडे होते."

"बोलल्या तुम्हाला?"

"तुम्ही साहेबांना सोडायला गेलात ना, तेव्हा. मागच्या दारापाशी नेऊन पार सोलून काढलं."

मॅडमनी तिथं स्वतःचं काय सांगितलं, तेही दाजी सांगू लागले. मॅडम शिकत होत्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. एकदा त्यांची जोडणी चुकली. सरांनी ती फळ्यावर काढून सगळ्या वर्गाला हसवलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मागच्या बाकावर बसून राहायच्या, टेस्टर हातात घ्यायच्या नाहीत.

"मला म्हणल्या, तू एवढ्या लांबून परत येऊन हे काम धरलंस. ते माझ्यामुळं सुटायला नको." दाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "हे तुम्हाला सांगू नको म्हणल्या होत्या."

"मग मी काही ऐकलंच नाही," मी म्हणालो.

मागे दाराला बांधलेला दोर जरा सैल वाटत होता. पुढच्या हॉटेलापाशी टेम्पो थांबवून आम्ही दोघं उतरलो. दाजींनी एक टोक धरलं, मी दुसरं ओढलं, आणि दोर नीट आवळून आम्ही चहा सांगितला.