मोहदरीतले डास कुठे गेले?

“काहीच करायचं नाही, काका,” सरपंचांच्या ओसरीवर उभं राहून जहीर मास्तरनं पुन्हा एकदा बजावलं. “गाव जसं हाय तसंच साह्यबाले दिसलं पाह्यजे.”

“बरं बरं,” मारोतराव सरपंच म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. त्या हसण्याकडे जहीरनं लक्ष द्यायला हवं होतं. पण पांढरकवड्याची मोटार सुटायची वेळ झाली होती, म्हणून तो धावत सुटला.

केळापूर तालुक्यातलं मोहदरी हे नाल्याकाठचं गाव. मागची काही वर्षं सरकारची माणसं पाठीला पंप लावून यायची, घराघरांतल्या भिंतींवर डीडीटी मारायची, आणि थंडीताप गावातून जवळजवळ उठला होता. यंदा सरकारचं धोरण बदललं. तालुक्यात आता ताप उरलेला नाही, सबब फवारणी बंद, पंप दुसरीकडे रवाना. ताप उरलेला नाही हे सरकारला कसं कळलं? तर एक कारकून उन्हाळ्यात येऊन सरपंचांच्या ओसरीवर बसला होता आणि त्यानं गावाची तब्येत विचारली होती. दारी आलेल्या पाहुण्यापुढे आपली दुखणी काय उगाळायची, म्हणून सगळ्यांनी एका सुरात “बेस हाय जी” असं सांगितलं, वर त्याला कैरीचं पन्हं पाजलं.

श्रावण लागला, नाल्याकाठी डबकी साचली आणि घरोघर माणसं गोधडीखाली कुडकुडू लागली. जहीर अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आलेला, गावच्या शाळेत मास्तर. त्यानं वर अर्जांवर अर्ज धाडले. त्यात गावाची काळजी होतीच, पण खरी धास्ती घरातली होती. बायकोला, जमिलाला दिवस गेले होते, आणि या दिवसांत बाईमाणसाला थंडीताप आला तर जीवावर बेततं, असं पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. शेवटी हिवताप खात्याचे यवतमाळचे साहेब स्वतः पाहणीला यायला तयार झाले. घरांत हिवतापाचा डास सापडला आणि तापकरी डोळ्यांनी दिसले, तर फवारणी पुन्हा सुरू करायची शिफारस. नाहीतर कागद कायमचा बंद.

पांढरकवड्याहून येताना जीपमध्ये साहेबांशेजारी बसून जहीर अख्ख्या रस्त्यात डासांविषयी बोलत होता. साधा डास भिंतीला समांतर बसतो, हिवतापाचा मात्र डोकं खाली आणि बूड वर करून बसतो. आमच्या गावात तर कोणत्याही घरात शिरा, कोपऱ्याकोपऱ्यात दिसेल. एखाद्यानं घरचा हापूस दाखवायला न्यावं तसा त्याचा उत्साह होता.

गाव जवळ आलं तसं समोर आभाळात धुराचा लोट दिसला.

“आग लागली की काय?” साहेबांनी विचारलं.

आग नव्हती. घराघरांत कडुलिंबाच्या पाल्याची धुरी पेटली होती. डबक्यांवर निजामुद्दीन मिस्त्रीनं आपल्या इंजिनाचं जळकं तेल ओतलं होतं आणि उरलेल्यांत मुरूम पडला होता. भिंती चुन्यानं पांढऱ्या, अंगणात सडा, गुरं रानात हाकललेली. वेशीवर सरपंच फेटा बांधून, हातात हार घेऊन उभे होते.

जहीरनं त्यांना बाजूला ओढलं.

“काका, मी म्हनलं होतं ना, काही करू नका.”

“अरे, ते तर सोयरे बी म्हनतेत,” मारोतराव समजुतीनं म्हणाले. “काही करू नका, आमी फक्त च्या प्याले येतो. मंग आपन पुऱ्या तळत नाही का? तू सांगनारच तसं. शिकेल मानूस हायस.”

“आन तापकरी कुठी हायत?”

“कोन तापकरी?” सरपंचांनी डोळा मिचकावला. “साह्यबापुढे कोनी कन्हतकुंथत नाही दिसनार, तू काळजीच नको करू.”

साहेबांनी टॉर्च काढला, काचेची नळी काढली आणि घरं बघायला सुरुवात केली. देवसिंगच्या घरात खोकले, विमलताईच्या घरात शिंकले, फुलचंदच्या माजघरात तर त्यांना स्वतःचाच हात दिसेना. डास मात्र एकही नाही. कोणाला ताप आहे का, असं प्रत्येक दारात विचारलं, आणि प्रत्येक दारात “बेस हाय जी” ऐकलं. जहीर मागून “खरं सांगा ना” म्हणायचा, तशी माणसं अधिकच हसून साहेबांना पान पुढे करायची. विमलताईनं तर त्याला हळूच दटावलं, “घरची लक्तरं वेशीवर कायले टांगतेस रे मास्तर?”

दुपारपर्यंत साहेब खूश झाले. असं स्वच्छ गाव आपण जिल्ह्यात पाहिलं नाही, इथे फवारणी म्हणजे पैशाचा अपव्यय, असं त्यांनी जेवताना बोलून दाखवलं. सरपंचांची छाती फुगली. जहीरनं हातातली पुरी पानात परत ठेवली. त्याला डोळ्यांपुढे भादवा दिसत होता, आणि त्यात गोधडीखाली थरथरणारी जमिला.

जेवण भरपेट झालं होतं. साहेबांना थोडं पडायचं होतं. पण डोळे धुरानं चुरचुरत होते आणि धुरी तर घराघरांत होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि नाल्याकडच्या टिनाच्या गोदामाकडे बोट केलं. कापूस दसऱ्यानंतर यायचा. तोवर गोदाम रिकामंच. तिथे धूर नव्हता.

“तिथं पडतो घटकाभर.”

सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे विंचू आहेत, ते म्हणाले. साहेब बूट घालूनच झोपायला तयार होते. किल्ली हरवली, सरपंच म्हणाले. कुलूप नव्हतंच. मग त्यांनी सरळ जहीरचा हात धरला. “मास्तर, थांबव ना साह्यबाले.”

जहीरनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो साहेबांच्याही पुढे धावला आणि त्यानं दार ढकललं.

आत गोधड्यांची रांगच रांग होती, आणि प्रत्येक गोधडी हलत होती. दात वाजल्याचा आवाज टिनावर पाऊस पडावा तसा येत होता. आणि वर, धुरानं घराघरांतून पळालेले मोहदरीचे झाडून सगळे डास भिंतींवर दाटीवाटीनं बसले होते. डोकं खाली, बूड वर.

“अय्यो,” एवढंच साहेब म्हणाले आणि त्यांनी गालावर चापट मारली.

“हे आमच्या गावचे नाहीत जी,” सरपंच घाईघाईनं म्हणाले. “पाव्हने हायत. शेजारच्या गावचे.”

“असं? मग फवारणी त्या गावाला लिहितो,” साहेबांनी खिशातून पेन काढलं.

जहीरनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी कोपऱ्यातली एक गोधडी उठून बसली. आत सरपंचांची आई होती, रुखमाबाई.

“काहून रे मारोत्या,” ती कुडकुडत म्हणाली, “मी पाव्हनी? तुले जनलं ते मंग कोनाच्या गावात रे? सांग साह्यबाले.”

मग एकेक गोधडी बोलू लागली. मी देवसिंगची बायको जी. मी फुलचंदचा चुलता. सकाळी दारादारांत “बेस हाय” म्हणालेल्या घरांचीच ही माणसं होती. साहेबांनी मान खाली घालून लिहिलं, अधूनमधून चापटा मारत. आठवड्याच्या आत पंप येतील, गोळ्या उद्याच, असं त्यांनी जीपमध्ये बसताना सांगितलं. सरपंचांनी सकाळी घालायचा राहिलेला हार पुढे केला; तो त्यांनी रुखमाबाईला घालायला सांगितला.

संध्याकाळी जहीर घरी आला तो नाचतच. सगळा किस्सा त्यानं एका दमात सांगितला. जमिला ऐकत होती, पण हसत नव्हती. घरात अंधार होता, सकाळची भांडी तशीच, आणि डोक्यावर डासांची गुणगुण चालली होती.

“अजी, तुमी म्हनले ना काही करू नका,” ती म्हणाली. “म्हनून मी धुरी नाही केली, झाडू बी नाही मारला. दिवसभर मच्छरदानीत बसून साह्यबाची वाट पाह्यली. तुमी इकडं काहून नाही आनलं त्यायले?”

साहेब सकाळी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी आले होते, हे कोणाचं घर म्हणून त्यांनी विचारलंही होतं. तेव्हा घर झाडलेलं नसेल, परका माणूस काय म्हणेल, असं वाटून जहीरनंच त्यांना हाताला धरून दुसरीकडे वळवलं होतं.

त्यानं मुकाट्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला.