जिराफाखालचं जावळ

तिकीट वाचवण्यात आपला हात धरणारा अख्ख्या नांदेडात कुणी नाही! मिसरूड फुटलं तरी मी एस्टीत अर्ध्या तिकिटावर फिरलेला माणूस आहे. कंडक्टर दिसला की गुडघे वाकवायचे, गालफडं आत ओढायची आणि खिडकीबाहेर बघत अंगठा चोखायचा. बस्स!

त्यामुळं लातूर रस्त्यावर ‘मौजनगरी’ नावाचं नवं पार्क उघडलं, आणि माझ्या भाच्यानं, सत्यमनं, ‘मामा, डायनासोर गाडीत बसायचं’ असा धोशा लावला, तेव्हा मी लगेच निलंग्याला बहिणीला फोन केला.

"पुनम, रविवारी सत्याला घेऊन ये. सासूबाईंनाही आण. डायनासोर गाडी माझ्याकडं लागली! अन पोराचं तिकीटसुद्धा लागू देत न्हाई बघ."

"दादा, लेकरांचं तिकीट हाय म्हणून राहिले सगळे."

"नियम मला नको शिकवू. मी रील बघितलंय!"

नियम सोपा होता. गेटवर एक लाकडी जिराफ. त्याच्या मानेवर लाल रेघ. पोरगं रेघेच्या खाली असलं तर फुकट, वर गेलं तर तिकीट. मी व्हिडिओ कॉलवर सत्यमला आंघोळ झाल्या झाल्या फ्रिजला टेकवून मोजायला लावलं. रेघेला दोन बोटं कमी!

"एका लेकराच्या तिकिटासाठी एवढा आटापिटा?" आमची बायको, तनुजा, म्हणाली.

"अगं, पैशाचा प्रश्न न्हाई. तत्त्वाचा हाय!"

कोणतं तत्त्व ते तिनं विचारलं नाही, म्हणून वाचलो.

रविवारी पार्कच्या दारात सत्यम पळत आला आणि माझ्या पायाला मिठी मारून म्हणाला, "मामा, मी सगळ्या गल्लीला सांगितलंय, माझा मामा मला डायनासोरवर बसवणार!"

मी त्याला कौतुकानं उचलला. आणि त्याचं डोकं बघून तसाच खाली ठेवला!

त्याचं जावळ काढलेलं नव्हतं. नवसाचं पोर ते. त्याची आजी केवळाबाई, म्हणजे पुनमच्या सासूबाई, देवीला बोलून बसलेल्या: जत्रेत, मामाच्या मांडीवर, देवीसमोरच जावळ निघेल, तोवर कात्री लागू द्यायची नाही. त्या तीन वर्षांच्या केसांचा केवळाबाईंनी डोक्याच्या बरोबर मध्यभागी कडब्याच्या पेंढीसारखा बुचडा बांधला होता. वर लाल रिबन! आंघोळीनंतर मोजलं तेव्हा हेच केस ओले, चापून बसलेले होते!

गेटवर ज्ञानोबा नावाचा शिट्टीवाला होता. त्यानं सत्यमला जिराफाखाली उभं केलं. बुचडा रेघेच्या वर डुलायला लागला.

"तिकीट घ्या, साहेब."

"अहो, ते केस हायेत! केसाला काय उंची म्हणतात व्हय?"

"जिराफाला लागलं तिथवर लेकरू. पण साहेब, तुम्ही जरा ऐका तर, गाडीचा नियम..."

"नियम मला सांगू नका! मी रील बघितलंय!"

मी रिबन सोडली. केस मोकळे होताच चहूबाजूंनी उभे राहिले. पोरगं आणखी उंच! मागं रांग लागली. मग मी तनुजाला टपरीवर पिटाळलं आणि खोबरेल तेलाची बाटलीच आणवली. अर्धी बाटली डोक्यावर ओतली आणि दोन्ही हातांनी केस चापून बसवले.

"कात्री लावली न्हाई ना?" केवळाबाई कडाडल्या.

"न्हाई मावशी! फक्त दाबलेत!"

पोरगं रेघेच्या खाली! सत्यम फुकट आत! मी तनुजाकडं असं बघितलं, जसं काही आत्ताच परभणीची कुस्ती मारून आलोय.

ऊन चढलं. डायनासोर गाडी समोर आली. हिरवी, दातवाली, आभाळात चढून सुसाट खाली येणारी. सत्यम आनंदानं थरथरायला लागला. तिथंही एक जिराफ होता. तिथंही लाल रेघ होती. आणि तिथंही ज्ञानोबाच होता! दुपारी त्याची ड्युटी गाडीवर म्हणे.

"साहेब, हे लेकरू रेघेच्या खाली हाय. एकट्याला बसवता येत न्हाई."

"अहो, मघाशी तुम्हीच त्याला उंच म्हणालात की!"

"अन मघाशी तुम्हीच त्याला बुटकं म्हणालात. पण ऐका तर साहेब, मोठ्या माणसाच्या..."

"मोठी माणसं गेली खड्ड्यात! लेकराचं बोला!"

सत्यमनं भोकाड पसरलं. असं तसं नाही, पार औशापर्यंत ऐकू जाईल असं! "मामा खोटारडा! मामा खोटारडा!" केवळाबाईंनी पदर असा खोचला की माझं अर्धं रक्त आटलं. खरं सांगतो, तिकीट गेलं चुलीत, त्या ‘खोटारडा’नं मला लागलं.

आता पोरगं उंच करायचं! मी बुचडा बांधायला घेतला. तेलानं केस हातातून सटकायला लागले. रिबन निसटली. अन तेवढ्यात समोर गुलाबी बुढ्ढी के बालवाला! माझ्या डोक्यात वीज चमकली. मी दोन काड्या घेतल्या, त्यांचा पिंजलेला गोळा केसांत भरला, वरून केस गुंडाळले आणि रिबन आवळली. बुचडा भोपळ्याएवढा!

"अहो, हे काय करायलाव?" तनुजा किंचाळली.

"इंजिनिअरिंग!"

जिराफानं मान्य केलं. पोरगं रेघेच्या वर!

"मग आता तिकीट घ्या," ज्ञानोबा शांतपणे म्हणाला.

घेतलं. तोंड कडू करून घेतलं. पण सत्यम हसला, म्हणून बरं वाटलं.

रांग लांब होती. वर ऊन, खाली तेल, मध्ये साखर. बुढ्ढीचे बाल वितळले आणि सत्यमच्या कपाळावरून गुलाबी ओघळ निघाले. आधी एक माशी आली. मग तिचे पाहुणे आले. मग एक मधमाशी आली आणि अख्खी रांग "आई गं!" करत फुटली! मी रुमालानं वारत होतो. पुनमनं बाटलीभर पाणी ओतलं. तेल, साखर, केस यांचा असा घट्ट गोळा झाला की फणी आत गेली ती बाहेरच येईना. फणी डोक्यावर उभी!

"ओढ की!" मी म्हणालो.

"आई ऽऽ!" सत्यम बोंबलला.

केवळाबाईंनी गोळा हातानं चाचपला. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. "तीन वर्षं जपलं हो मी. देवीला काय तोंड दाखवू?"

माझी मान खाली गेली. पण म्हातारी खमकी! पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मामा हाजर हाय, मांडी हाजर हाय. देवी काय फक्त जत्रेतच असती व्हय? काढा जावळ इथंच! केस मी पदरात घेते अन देवीपुढं टाकते. अन सुदर्शनराव, नवसाच्या एका बोकडाचे आता दोन झाले. तुमच्याकडून!"

ज्ञानोबानं रस्त्यापलीकडच्या सलूनवाल्याला बोलावलं. मी जिराफाखाली मांडी घालून बसलो, मांडीवर सत्यम. गर्दीतल्या बायांनी कुठूनशी हळद पैदा केली. मामानं भाच्याला नवे कपडे घ्यावे लागतात, म्हणून पार्कातल्या दुकानातून डायनासोरचा टी-शर्ट आणला. मग कुणीतरी म्हणालं, "जावळाचं जेवण कुठंय?" आणि रांगेतली सगळी माणसं माझ्या खर्चानं भजी खायला बसली!

शेवटी गुळगुळीत सत्यम टी-शर्ट घालून, तिकीट हातात धरून गाडीकडं निघाला. ज्ञानोबानं त्याला जिराफाखाली उभं केलं.

रेघेला दोन बोटं कमी.

सत्यमनं पुन्हा भोकाड पसरायला तोंड उघडलं. "ज्ञानोबा," मी हात जोडले, "आता तुम्हीच सांगा. ऐकतो."

"तेच तर सकाळधरनं सांगून राहिलो!" त्यानं जिराफाच्या पायाशी लावलेल्या पाटीवर बोट ठेवलं. ‘रेघेखालील बालकास मोठ्यांच्या मांडीवर विनामूल्य बसता येईल.’

रीलमध्ये जिराफाचे पाय आलेच नव्हते हो!

"चल मामा!" सत्यमनं माझा हात ओढला. मला साध्या पाळण्यातही गरगरतं, हे तोपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लोकांच्या घरी जावळाचा फोटो असतो, त्यात मामा हसतो आणि मांडीवरचं पोर रडतं. निलंग्याला केवळाबाईंनी देवघराशेजारी जो फोटो लावलाय, तो त्या गाडीच्या कॅमेऱ्यानं काढलेला आहे. त्यात टकलू सत्यम दोन्ही हात वर करून खदखदा हसतोय. आणि रडणारा मी आहे.